विश्लेषण: अनंत श्रेणीचा आलेख संगणक काढतो, पण त्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर आधारित अभ्यासक्रम राज्यातील संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. विज्ञान शाखेच्या गणितात फळा आणि खडूच्या जोडीला संगणकावरची प्रात्यक्षिके आधीच आली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. गणितात पायथन ही संगणकभाषा नव्या धोरणाच्या आधीपासून शिकवली जाते. आता कौशल्यावर आधारित शिक्षणाचा आग्रह वाढल्याने गणित शिकताना सॉफ्टवेअर हाताळणे अपवाद न राहता नियम होऊ लागले आहे. ज्या आलेखासाठी पूर्वी तासभर आकडेमोड करावी लागे, तो आता दोन ओळींच्या आज्ञेत पडद्यावर उमटतो.

सोय मोठी आहे, पण तिच्यासोबत एक प्रश्नही आला आहे. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर हे माळशिरस तालुक्यातले गाव. अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन मंदिर आणि आषाढी वारीतला माउलींच्या पालखीचा मुक्काम ही त्याची ओळख. अशा गावातून बी.एस्सी.ला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे घरी संगणक असेलच असे नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळेल तेवढ्या वेळात आलेख काढायचा, छापायचा आणि जर्नलमध्ये चिकटवायचा, ही त्याची रीत. तो आलेख चुकीचा असेल, तर ते त्याला कळणार कसे? अनंत श्रेणीच्या आलेखात हा धोका सर्वात जास्त असतो. तो का आणि त्यावर उपाय काय, हे समजून घेऊ.

अनंत फलन-श्रेणी म्हणजे काय?

संख्यांची बेरीज सर्वांना माहीत असते. त्याच रीतीने फलनांचीही, म्हणजे वर्गात ज्यांना सरसकट फंक्शन म्हणतात त्यांची, बेरीज करता येते. १ + क्ष + क्षचा वर्ग + क्षचा घन... अशी न संपणारी बेरीज हे त्याचे सर्वात सोपे उदाहरण. क्षची किंमत उणे १ आणि १ यांच्या दरम्यान असेल, तर ही बेरीज एका ठरावीक संख्येकडे सरकत जाते. ती संख्या म्हणजे १ भागिले (१ वजा क्ष). अशा श्रेणीला अभिसारी म्हणतात. क्ष या मर्यादेबाहेर गेला, तर बेरजेला ठराव उरत नाही आणि श्रेणी अपसारी होते.

हा केवळ परीक्षेपुरता विषय नाही. कॅल्क्युलेटरवर साइन किंवा लॉगचे बटण दाबले की आत अशाच बेरजांशी नाते असलेली सूत्रे काम करतात. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. तो अंदाजही चंद्र-सूर्याच्या गतीशी जोडलेल्या अनेक लहरींची बेरीज करूनच येतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेमुळे शेतशिवारात पोहोचलेल्या सौर पंपांच्या नियंत्रकांतही हेच गणित असते. सौर पॅनेलमधून येणारी एकदिश वीज तुकड्या-तुकड्यांनी चालू-बंद करून प्रत्यावर्ती बनवली जाते. तिच्यात मूळ लहरीसोबत किती जादा लहरी मिसळल्या आहेत आणि त्यामुळे मोटार किती तापेल, याचा हिशेब अभियंते फूरिए श्रेणीने करतात.

संगणक खरोखर अनंत पदांची बेरीज करतो का?

नाही. गणिती सॉफ्टवेअर दोनपैकी एक मार्ग धरते.

पहिला मार्ग आकड्यांचा. पहिली दहा, पन्नास किंवा हजार पदे घ्यायची, त्यांची बेरीज करायची आणि तिचा आलेख काढायचा. हिला आंशिक बेरीज म्हणतात. पडद्यावर दिसते ती ही आंशिक बेरीज. कुठे थांबायचे, हे आज्ञा देणाऱ्याने ठरवलेले असते.

दुसरा मार्ग सूत्राचा. मॅक्सिमा, सेजमॅथ, मॅथेमॅटिका किंवा पायथनमधील सिमपाय ही साधने चिन्हांवर काम करतात आणि शक्य असेल तिथे बेरजेचे बंद सूत्रच शोधून देतात. इथे साधनांचे स्वभाव वेगळे असतात. वरची साधी श्रेणी दिली, तर मॅक्सिमा उलट विचारते की क्षचे केवलमूल्य एकपेक्षा मोठे आहे, लहान आहे की एकच आहे. सिमपाय उत्तरासोबत अट लिहून देते. मॅथेमॅटिका मात्र, वेगळे सांगितले नसेल तर, अटीशिवाय थेट सूत्र देते. अट न वाचता ते सूत्र सगळीकडे वापरले की घोटाळा झालाच. क्ष = २ घेतल्यास सूत्र उणे १ सांगते, तर धन संख्यांच्या त्या बेरजेची पहिली दहा पदेच १,०२३ भरतात.

आलेख नेमका कुठे फसवतो?

फसण्याच्या चार जागा ठळक आहेत.

पहिली जागा मर्यादेची. आकड्यांच्या मार्गाने पन्नास पदे घेऊन क्ष = २ पर्यंत आलेख काढायला सांगितले, तर सॉफ्टवेअर कुरकुर न करता सोळा अंकी संख्या काढून वक्र रेखाटते. श्रेणी तिथे अपसारी आहे, ही सूचना कुठेही उमटत नाही, कारण पन्नास पदांची बेरीज बिनचूकच असते. तिला अनंत बेरीज समजणे ही चूक मात्र वाचणाऱ्याची.

दुसरी जागा असमान वेगाची. पन्नास पदे घेतली, तर क्ष = ०.९ ला खरे उत्तर १० आणि मिळालेले ९.९५. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. पण क्ष = ०.९९ ला खरे उत्तर १०० आणि पडद्यावर ३९.५! पदे तितकीच, सॉफ्टवेअरही तेच. तरी एका ठिकाणी चित्र विश्वासार्ह आणि थोड्याच अंतरावर निम्म्याहून कमी.

गणितात याला बिंदुशः अभिसरण आणि एकसमान अभिसरण यांतला फरक म्हणतात. वारीच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक दिंडी कधी ना कधी पंढरपुरात पोहोचणार, एवढीच हमी असणे म्हणजे बिंदुशः अभिसरण. अमुक दिवशी सगळ्या दिंड्या पोहोचलेल्या असतील, असा सर्वांना लागू एकच दिवस सांगता येणे म्हणजे एकसमान अभिसरण. पदांची संख्या एकदाच ठरवून सगळा आलेख काढता येईल का, हे दुसऱ्या प्रकारच्या हमीवर अवलंबून असते.

तिसरी जागा अचूकतेची. संगणक साधारणपणे दशमान पद्धतीतले पंधरा-सोळा सार्थ अंक सांभाळतो. साइनची श्रेणी क्षच्या कोणत्याही किमतीला अभिसारी आहे, हे पुस्तकात सिद्ध केलेले असते. म्हणून विद्यार्थी निर्धास्तपणे क्ष = ४० पर्यंत आलेख काढतो. पण तिथे श्रेणीतले सर्वात मोठे पद सुमारे १५ वर १५ शून्ये इतके वाढते. अधिक आणि उणे चिन्हांची अशी प्रचंड पदे एकमेकांना छेदून उत्तर उणे १ ते १ मध्ये यायला हवे. एवढ्या मोठ्या संख्येत सोळा अंक संपतात तिथे एककाचीच खात्री उरत नाही. म्हणजे चूक उत्तराएवढी किंवा त्याहून मोठी. क्ष = ३० च्या आसपास सुबक दिसणारी लहर ४० च्या जवळ वेडीवाकडी होते. इथे पदे वाढवून उपयोग नसतो. क्षमधून आधी २ पायच्या पटी वजा करून तो लहान करणे, हा खरा इलाज.

चौथी जागा बिंदूंची. सॉफ्टवेअर सलग रेघ काढत नाही. काही शे किंवा हजार बिंदू काढून ते सरळ रेषांनी जोडते. जर्मन गणितज्ञ कार्ल वायरस्ट्रास यांनी १८७२ मध्ये असे फलन मांडले, की जे सर्वत्र सलग आहे, पण ज्याला कुठेही स्पर्शिका नाही. तेही अनंत श्रेणीच्याच रूपात आहे. त्यातले प्रत्येक पुढचे पद आधीच्यापेक्षा, समजा, तेरा पट वेगाने आंदोलते. मग चौथ्याच पदापर्यंत ० ते २ एवढ्या अंतरात २,१९७ आंदोलने होतात. हजार बिंदूंच्या आलेखात ती मावणारच नाहीत. दिसतो तो दोन बिंदूंमध्ये हरवलेल्या फलनाचा अवशेष.

यंत्राचा आलेख आणि गणिताचा वाद जुना आहे का?

होय, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात भरती-ओहोटीचा अंदाज देणारे यंत्र तयार करवले. कप्प्या, दोरी आणि चाके यांच्या साहाय्याने अनेक लहरींची बेरीज करून ते कागदावर थेट वक्र काढत असे. म्हणजे बेरजेचा आलेख काढणारे ते यांत्रिक सॉफ्टवेअरच. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार असे एक यंत्र खास भारतातील बंदरांसाठी लंडनमध्ये बनवण्यात आले. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या बंदरांची भरतीची कोष्टके त्यावर तयार होत.

दुसरा धागा अमेरिकेतला. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन आणि सॅम्युएल स्ट्रॅटन यांनी १८९८ मध्ये ८० पदांची बेरीज करणारे यंत्र जाहीर केले. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर एकदम उडी मारणाऱ्या चौकोनी लहरीची फूरिए श्रेणी घेतली, की उडीच्या शेजारी आलेख एक उंचवटा दाखवतो. पदे वाढवली तरी तो खाली बसत नाही. तो उडीच्या सुमारे ९ टक्के उंच राहतो, फक्त अधिकाधिक अरुंद होत उडीच्या जवळ सरकतो. अशा श्रेणींवरून त्या वर्षी ‘नेचर’ नियतकालिकात वाद रंगला आणि १८९९ मध्ये जे. विलार्ड गिब्ज यांनी त्याचा उलगडा केला. आज हा उंचवटा गिब्ज यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात इंग्लंडच्या हेन्री विल्ब्रहॅम यांनी १८४८ मध्येच तो दाखवला होता.

आजच्या प्रयोगशाळेतही हा धडा लागू आहे. पाचशे पदे आणि फक्त दोनशे बिंदू घेऊन हा आलेख काढला, तर सर्वात उंच शिखर पहिल्या दोन बिंदूंच्या मध्येच राहून जाते. विद्यार्थी लिहितो की ‘पदे वाढवल्यावर उंचवटा नाहीसा झाला’. निष्कर्ष साफ चुकीचा, पण पुरावा म्हणून छापील आलेख हातात!

सॉफ्टवेअर विकतचे की मुक्त, हा मुद्दा का महत्त्वाचा?

मॅटलॅब आणि मॅथेमॅटिका ही दर्जेदार पण मालकीची सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा परवाना विकत घ्यावा लागतो. तो संस्थेने घेतला, तरी पदवीनंतर विद्यार्थ्याच्या हाती राहत नाही. शिवाय परवाना हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे जून २०२० मध्ये चीनमधील हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला मॅटलॅब वापरणे बंद करावे लागले. भारतात जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या पूर्ववत झाल्या. दुसऱ्याच्या परवान्यावर उभे असलेले काम एका निर्णयाने थांबू शकते, हे या दोन्ही घटनांनी दाखवले.

मुक्त सॉफ्टवेअरचा आणखी एक फायदा थेट गणिताशी जोडलेला आहे. त्याचा आतला संकेत कोणीही वाचू शकतो. आलेखासाठी किती बिंदू घेतले, बेरीज कुठे थांबवली, हे तपासता येते. सिद्धतेची प्रत्येक पायरी मागणाऱ्या विषयासाठी ही गोष्ट लहान नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना जगभरातील शोधनियतकालिके खुली करण्याचा हा निर्णय. पण ही योजना नियतकालिकांची आहे, गणिती सॉफ्टवेअरची नाही. तिथे लहान महाविद्यालयांपुढे व्यवहार्य मार्ग मुक्त साधनांचाच उरतो.

महाराष्ट्रात यासाठी काय तयार आहे?

बरेच काही, आणि ते मुंबईतच घडले आहे. आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ हा प्रकल्प केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय अभियानातून उभा राहिला. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली त्याने शिक्षणात सायलॅब, पायथन यांसारखी मुक्त साधने रुजवण्याचे काम केले. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये लिहून घेऊन ती सर्वांसाठी खुली करणे, हा त्यातला उल्लेखनीय उपक्रम. त्याच्याच जोडीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प साधारण दहा मिनिटांच्या चित्रफितींतून सॉफ्टवेअर शिकवतो. शिक्षक जवळ नसताना आणि इंटरनेट नसतानाही शिकता यावे, अशी त्यांची रचना आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन करण्यात आले आहे.

मोबाइलवरही मार्ग आहेत. जिओजिब्रा हे ॲप इंटरनेटशिवाय चालते. त्यात पदांची संख्या सरकपट्टीला जोडून एक-एक पद वाढवत वक्र कसा बदलतो, हे बोटाने पाहता येते. सेजमॅथची छोटी आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. म्हणजे प्रयोगशाळेत संगणक कमी असले, तरी विषय अडून राहण्याचे कारण नाही.

भाषेची अडचण किती खरी आहे?

अडचण खरी आहे. आज्ञा इंग्रजीत, चुकीचा संदेश इंग्रजीत, मदतीची पाने इंग्रजीत. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षाला ‘वेळ’ असे मराठी नाव दिले, तर नेहमीच्या मांडणीत अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. फॉन्ट बदलला तरी जोडाक्षरे तुटण्याचा त्रास अनेकांनी अनुभवला आहे. त्यामुळे मराठीत शिकलेला विद्यार्थीही आलेखावर इंग्रजीच लिहितो.

गणित आपल्या भाषेत नेण्याचे उदाहरण मात्र या विषयाच्या मुळाशीच आहे. साइनची अनंत श्रेणी युरोपच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, केरळच्या संगमग्राम येथील माधव यांनी शोधली. त्या परंपरेतील ज्येष्ठदेव यांनी सोळाव्या शतकात तिची उपपत्ती ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात लिहिली. तीही संस्कृतमध्ये नव्हे, तर मल्याळम गद्यात.

एआयने कोड लिहून दिला तर प्रश्न सुटतो का?

आज्ञा लिहिण्याचा प्रश्न सुटतो, तपासणीचा नाही. ‘या श्रेणीचा आलेख काढून दे’ म्हटले, की एआय साधने काही क्षणांत चालणारा कोड देतात. त्यात किती पदे आणि किती बिंदू घेतले, हे बहुतेक वेळा कोणी पाहत नाही. वरच्या चारही फसव्या जागा कोड बिनचूक चालत असतानाच येतात. कोड चालला म्हणजे आलेख खरा, हे समीकरण आधीही चुकीचे होते. आता त्याला बळी पडणे अधिक सोपे झाले आहे, इतकेच.

मग बदल कुठे हवा?

मुख्यतः प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत. पूर्ण जिल्हा एकाच विद्यापीठाच्या कक्षेत असणे, ही सोलापूरसाठी सोय आहे. २००४ मध्ये स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाणारे हे विद्यापीठ एका जिल्ह्यापुरते आहे. वेळापूर, अकलूजपासून अक्कलकोटपर्यंतच्या महाविद्यालयांसाठी एकसारखी पद्धत ठरवणे तिथे तुलनेने सोपे जावे.

ती पद्धत महागडी असण्याची गरज नाही. छापील आलेखासोबत चार ओळी मागितल्या, तरी पुष्कळ साधेल. किती पदे घेतली? तीच दुप्पट केल्यावर आलेख कुठे हलला? बिंदू दुप्पट केल्यावर काय बदलले? आणि श्रेणी कोणत्या मर्यादेत अभिसारी आहे, हे हाताने कसे दाखवले? ज्या भागात वक्र हलतच राहतो, तो वेगळ्या रंगाने खुणावायचा. या चार प्रश्नांसाठी नवे यंत्र लागत नाही, परवाना लागत नाही आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात.

गुण मात्र त्या चार ओळींना द्यावे लागतील. आज ते चित्राला मिळतात, आणि चित्र काढणे हा आता या कामातला सर्वात सोपा भाग उरला आहे.